सिक रूममधला पलंग

त्या सकाळचा फोन माझ्या कानातून अजून गेलेला नाही. फोन करणाऱ्याने पहिल्या वाक्यात गुन्हा सांगितला आणि दुसऱ्या वाक्यात गुन्हेगार.

आधी माझ्याबद्दल एवढंच. निवृत्त पोलीस अधिकारी म्हटलं की पांढऱ्या मिशा डोळ्यासमोर येतात. मी तशी नाही. परीक्षा देऊन उपनिरीक्षक झाले, गडचिरोली जिल्ह्यात पाच वर्षं काढली आणि राजीनामा दिला. आता आम्ही काही जण नर्सिंगच्या विद्यार्थिनींसाठी काम करतो, पत्रकं छापतो, वसतिगृहांच्या दारात उभं राहून वाटतो. हे काम अंगावर कुठून आलं असं लोक विचारतात. ते या प्रकरणातून आलं. माणसांची, गावाची, संस्थेची नावं घेणार नाही.

तालुक्याचं गाव. भातशेतीचा मुलूख, पलीकडे जंगल. तिथे एक खासगी नर्सिंग प्रशिक्षण केंद्र होतं, त्याला जोडून त्याच संस्थेचं रुग्णालय आणि मागे मुलींचं वसतिगृह. फोन केला तो संस्थेच्या व्यवस्थापकाने.

"मॅडम, आमच्या एका मुलीने इंजेक्शन टोचून घेतलं. बेशुद्ध आहे, चंद्रपूरला पाठवली. औषध तिला तिच्या रूममेटने वॉर्डातून चोरून दिलं. तिच्यावर गुन्हा दाखल करा."

मी स्टेशन डायरीत नोंद घेतली आणि निघाले. सोबत हवालदार होते. नोकरीची शेवटची दोन वर्षं राहिलेले, सगळं ठाणं त्यांना 'भाऊ' म्हणायचं. जीपमध्ये ते म्हणाले, "मॅडम, पोरगी मरून राह्यली का वाचून राह्यली, हे त्यानं सांगतलं का?"

"नाही."

"आपली पोरगी दवाखान्यात असली तं माणूस पहिले तेच सांगते."

पोलिसात राहून मी एक गोष्ट शिकले. जो खबर देतानाच आरोपीचं नाव देतो, त्याचं म्हणणं शांतपणे, शेवटपर्यंत ऐकून घ्यावं. त्या दिवशी मी ते केलं नाही.

बेशुद्ध झालेली मुलगी नागभीडकडची, दुसऱ्या वर्षाची. तिला ताप होता म्हणून ती वसतिगृहाच्या सिक रूममध्ये झोपली होती. सिक रूम म्हणजे एक पलंग, एक टेबल, एक खिडकी. टेबलावर सिरिंज आणि झोपेच्या औषधाच्या दोन रिकाम्या बाटल्या. पलंग नीट लावलेला, स्वच्छ पांढरी चादर. मी पंचांसमक्ष पंचनामा केला, मोबाइलवर फोटो काढले, बाटल्या जप्त केल्या. 'पलंग व्यवस्थित लावलेला' असं माझ्याच हाताने लिहिलं. पुढे काही विचार केला नाही. भाऊंनी मात्र विचारलं, "बेशुद्ध पोरीले उचलून नेलं न् चादरीले सुरकुतीबी नाई?"

वसतिगृहाच्या वॉर्डन बाई दारातच उभ्या होत्या. व्यवस्थापकाच्या नात्यातल्या, पन्नाशीच्या, सोन्याच्या बांगड्या घातलेल्या. त्यांच्याकडे उत्तर तयार होतं. "मुलीले ओकारी झाली होती. आम्ही तिले उचलून गाडीत टाकलं. परत येऊन पाह्यतो तं चादर बदललेली, पलंग लावलेला. तिची रूममेट इथीच घुटमळून राह्यली होती. तिनंच पुरावा साफ केला, दुसरं कोण करीन?"

व्यवस्थापकाने वॉर्डाचं औषधांचं रजिस्टर समोर ठेवलं. झोपेच्या औषधाच्या दोन बाटल्या काढल्याची नोंद होती. सही त्या रूममेटची.

माझ्या वरिष्ठांना, म्हणजे आमच्या ठाणेदार साहेबांना, हे पुरेसं होतं. संस्थेचा अध्यक्ष वजनदार माणूस. दुपारपर्यंत ठाण्यात त्याचे तीन फोन आले. नागभीडची मुलगी वाचेल की नाही हे चंद्रपूरचे डॉक्टर सांगत नव्हते. तिच्या रक्ताचा प्रयोगशाळेचा अहवाल यायला कित्येक आठवडे. साहेब म्हणाले, "जबाब घ्या, अटक दाखवा, उद्या कोर्टात हजर करा. सोपी केस आहे."

रूममेटला मी ठाण्यात आणलं. पहिल्या वर्षाची, एकोणीस वर्षांची, तळ्यावर मासे धरणाऱ्या माणसाची मुलगी. पांढरा गणवेश, केस जाळीत बांधलेले, नखं बोटांच्या टोकापर्यंत कापलेली. समोर बसली ती ताठ. मला वाटलं, निर्ढावलेली आहे. आज सांगायला लाज वाटते, पण हेच वाटलं. रडली असती तर बहुधा मी तिच्यावर विश्वास ठेवला असता. आमच्या खात्यात निर्दोष माणसाने कसं दिसावं याचं एक चित्र ठरलेलं असतं आणि गरिबाच्या मुलीला त्या चित्रात बसायला फार वाकावं लागतं.

"रजिस्टरवर सही तुझी आहे?"

"हो मॅडम."

"म्हणजे बाटल्या तू काढल्यास."

"सही मायी आहे. रोज मायीच असते. सकाळी आठ ते दोन वॉर्डात मी एकटी. पेशंट बावीस. दुसरं कोणी असते का सही कराले? त्या बाटल्या काल ऑपरेशनच्या पेशंटसाठी काढल्या होत्या. डॉक्टरनं मागतल्या, मी देल्या."

"पहिल्या वर्षाची मुलगी बावीस पेशंटवर एकटी? स्टाफ नर्स कुठे होती?"

ती माझ्याकडे पाहतच राहिली. मी चंद्र कुठून उगवतो असं विचारल्यासारखं. "स्टाफ नर्स? मॅडम, आमीच स्टाफ नर्स. तुमाले मालूम नाई?"

मला मालूम नव्हतं. त्या रुग्णालयासमोरून माझी जीप रोज जायची आणि मला मालूम नव्हतं की आत शिकायला आलेल्या पोरी राबवून अख्खं रुग्णालय चालवलं जातं. पगार नाही, सुट्टी नाही, एक पाळी संपली की दुसरी. याला प्रशिक्षण म्हणत होते. वर फी घेत होते.

पण माझ्यासमोर तेव्हा आरोपी बसली होती. मी मोबाइल काढला, सिक रूमचा फोटो उघडला आणि तिच्यापुढे सरकवला. संशयिताला फोटो अचानक दाखवावा आणि चेहरा पाहावा, असं आम्हाला शिकवलं जातं.

"हा पलंग तू लावलास. ओकारीची चादर कुठे टाकलीस?"

तिने मोबाइल उचलला. दोन बोटांनी फोटो मोठा केला. आणि त्या मुलीला राग आला. चोरीच्या आरोपावर आला नव्हता, तो आता आला.

"हा? हा पलंग मी लावला? मॅडम, असा पलंग लावला असता तं आमच्या सिस्टरनं मले पह्यल्याच महिन्यात घरी पाठवलं असतं!"

"काय वाईट आहे त्यात?"

"उशी पाहा ना. अभ्र्याचं उघडं तोंड दाराकडं आहे. दारातून येणाऱ्याले उघडी बाजू दिसाले नाई पाह्यजे. हे आमाले पह्यल्या दिवशी शिकवते. आन् हे कोपरे पाहा. चादर नुसती कोंबली आहे गादीखाली. आमी कोपरा पाकिटासारखा दुमडतो." तिने मोबाइल टेबलावर ठेवला. "हा आमच्यातल्या कोणीच नाई लावला. घरी खाट आवरते तसा लावला आहे कोणीतरी."

दाराशी उभे असलेले भाऊ पुढे आले, चष्मा लावून फोटो पाहिला आणि म्हणाले, "मायी बायको असाच लावते."

"तुमची बायको नर्स आहे का भाऊ?" तिने विचारलं.

"नाई ना बाई."

"मंग बराबर."

मी तो पंचनामा स्वतः लिहिला होता. दोन पंचांनी सह्या केल्या होत्या. आम्ही चार शिकलेली माणसं त्या खोलीत उभी होतो आणि दिसलं कोणाला? जिला आम्ही आरोपी म्हणत होतो तिला, तेही मोबाइलच्या तळहाताएवढ्या फोटोत.

साहेबांकडे गेले. ते हसले. "उशीच्या खोळीवर आरोपी सोडायचा? मॅडम, वकील म्हणेल मुद्दाम उलटी लावली."

"सर, मुद्दाम उलटी लावणारीने ते मला लगेच सांगितलं असतं. हिला तर पलंग दाखवेपर्यंत हे माहीतच नव्हतं. आणि कोर्टासाठी नाही, मला चौकशीसाठी वेळ हवा."

वेळ आम्हाला कायद्याने दिला. सूर्यास्तानंतर महिलेला अटक करता येत नाही, आणि बाहेर दिवस मावळत आला होता. साहेबांनी घड्याळ पाहिलं. "उद्या दुपारी बारा. त्यानंतर अटक."

तेवढ्यात मुलीचा बाप आला. एसटीने, पायात स्लिपर, हाताला मासळीचा वास. त्याने आरडाओरडा केला नाही. भाऊंनी त्याला बाकावर बसवलं, पाणी दिलं.

"मॅडम," तो म्हणाला, "आमच्या टोलीतली नर्सिंगले आलेली ही पह्यलीच. आता आणखी चार पोरीचे बाप म्हणून राह्यले, आमीबी धाडतो. हिले बेडी पडली तं त्या चारी पोरी तळ्यावरच राह्यतीन. तुमी तपास करा, मी नाई म्हणत नाई. पण बराबर करा."

बारा वाजेपर्यंत काय पणाला लागलं आहे, ते त्या माणसाने मला समजावलं. माझ्या साहेबांना ती एक केस वाटत होती. तिच्या बापाला पाच मुली दिसत होत्या.

त्याच्या मुलीला मी महिला शिपायाच्या ताब्यात न ठेवता बापासोबत घरी जाऊ दिलं, सकाळी हजर राहण्याच्या लेखी हमीवर. साहेबांना ते आवडलं नाही. मलाही सोपं गेलं नाही. ती आली नसती तर माझी वर्दी गेली असती. ती सकाळी नऊला आली, इस्त्रीच्या गणवेशात.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता मी दोन पंच घेऊन वसतिगृहात गेले. केंद्रातल्या वयस्क ट्यूटर सिस्टरना बोलावलं, म्हणजे याच मुलींना पहिल्या दिवसापासून शिकवणाऱ्या बाईंना. हजर असलेल्या अकरा मुलींना एकेकीने सिक रूममध्ये पाठवलं. पलंग उघडा, शेजारी चादर, अभ्रा, उशी. सूचना एकच: "पलंग लाव." कशासाठी ते सांगितलं नाही. एकमेकींशी बोलू दिलं नाही.

एवढा सुंदर तपास मी पुन्हा कधी पाहिला नाही. अकरा मुली आल्या. एक डाव्या हाताची, एक इतकी बुटकी की पलीकडची बाजू गाठायला फेरी मारावी लागली, एक रात्रपाळी करून आलेली, डोळे मिटत असलेली. त्या झोपाळूने तर चादर झटकताना जांभई दिली. पण अकराच्या अकरा वेळा चादर मधल्या घडीवर बरोबर पडली, कोपरे पाकिटासारखे दुमडले गेले, आणि उशी ठेवताना प्रत्येकीचा हात एकदा थांबला, मान दाराकडे वळली, उशी फिरली. एकीलाही ते आपण करतोय हे कळत नव्हतं. इतकं ते अंगात मुरलं होतं. ज्या संस्थेने त्यांना फुकट राबवलं, तिच्याच एका म्हाताऱ्या सिस्टरने हे त्यांच्या हातात घातलं होतं. मी ट्यूटर सिस्टरकडे पाहिलं. त्या खिडकीतून बाहेर बघत होत्या. डोळे भरलेले.

मग मी वॉर्डन बाईंना म्हटलं, "बाई, तुम्हीपण एकदा."

"मी? मी काय नर्स आहे का?"

"लावून तर दाखवा. दोन मिनिटं."

त्या हसत आत आल्या. बांगड्या मागे सारल्या. चादर टाकली, चारी बाजूंनी गादीखाली कोंबली, हाताने थापटली. उशीला अभ्रा घातला आणि ठेवली. उघडं तोंड दाराकडे.

पंचांपैकी एक, किराणा दुकानदार, पटकन म्हणाला, "अरे!"

मी मोबाइलवरचा फोटो पलंगाशेजारी धरला. "बाई, काल हा पलंग कोणी लावला?"

"सांगतलं ना, त्या पोरीनं."

"अकरा मुलींनी आत्ता लावला. एकीचाही असा नाही. तुमचा आहे. कोपरेसुद्धा तुमचेच."

त्या बसल्या. स्वतःच लावलेल्या पलंगावर. भाऊंनी हळूच विचारलं, "बाई, चादर कुठी आहे?" बाईला माणूस मारायचा नव्हता, हे त्यांनी माझ्याआधी ओळखलं होतं.

"मायाकडं," त्या म्हणाल्या. "घरी. बादलीत. धोबी चादरी मोजून घेते, म्हणून त्याले नाई देल्ली."

वसतिगृहालगतच्या त्यांच्या घराच्या न्हाणीत बादली सापडली. चादर अजून भिजवलेली नव्हती. तिच्या आत गुंडाळलेला सलाइनचा सेट, वापरलेली सिरिंज आणि एका अँटिबायोटिकची बाटली. झोपेचं औषध नाही. सगळं जप्त केलं, पंचांच्या सह्या घेतल्या. बाराला पाच मिनिटं कमी होती.

बाकीचं बाईंनी सांगितलं. नागभीडच्या मुलीला तीन दिवसांपासून ताप. तरी दोन दिवस तिच्याकडून दुहेरी पाळी करून घेतली. तिसऱ्या दिवशी ती उठली नाही. दुपारच्या पाळीला तिच्या वॉर्डाला माणूस मिळत नव्हतं. म्हणून सकाळीच व्यवस्थापक स्वतः औषध घेऊन सिक रूममध्ये गेला. हा माणूस डॉक्टर नव्हता, नर्स नव्हता, एके काळी औषधाच्या दुकानात बसत होता. त्याने इंजेक्शन दिलं. दोन मिनिटांत मुलीच्या अंगावर गांधी उठल्या, ओकारी झाली, श्वास अडकला. डॉक्टरांना बोलावलं, मुलीला गाडीत घालून चंद्रपूरला पाठवलं आणि मग या दोघांनी खोली आवरली. वॉर्डातल्या आदल्या दिवशीच्या रिकाम्या बाटल्या आणून टेबलावर मांडल्या. सही कोणाची आहे ते रजिस्टरमध्ये बघितलं. ज्या मुलीला एकटीला वॉर्डावर उभं केलं, तिची सहीच तिच्या गळ्यात अडकवली.

तिसऱ्या दिवशी चंद्रपूरला नागभीडची मुलगी शुद्धीवर आली. तिचा जबाब मी पलंगाशेजारी उभं राहून घेतला, कारण तिचा आवाज बसला होता.

"मी सांगतलं त्यायले," ती म्हणाली, "हे इंजेक्शन मले चालत नाई. लहानपणी मरता मरता वाचली. माया कार्डावरबी लिहिलं आहे. ते म्हणाले, नाटकं नको करू, दुपारच्या पाळीले वॉर्डात कोणी नाई." मग तिने विचारलं, "मायी रूममेट कुठी आहे? तिले कोणी काही म्हटलं तं नाई?"

मी म्हटलं, "नाही."

खोटं बोलले. माझ्या तपासातलं ते एकच खोटं, आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही.

व्यवस्थापकाला अटक झाली, वॉर्डन बाईंना झाली. मासेमाराच्या मुलीविरुद्ध पुरावा नाही असा अहवाल मी कोर्टात पाठवला. त्या दिवशी ती बापासोबत ठाण्यात आली होती. मी म्हटलं, "झालं. आता घरी जा, आठ दिवस आराम कर."

बाप उठला. ती उठली नाही.

"मॅडम, आमच्या मूळ गुणपत्रिका संस्थेच्या कपाटात आहेत. सगळ्यायच्या. तोंड उघडलं तं परत नाई देत म्हणते. मी आत्ता घरी गेली तं उद्या बाकीच्या पोरी काय बोलतीन? मायं बयान घ्या. दुहेरी पाळीचं, एकटीनं वॉर्ड सांभाळाचं. सगळं."

"तुझीपण गुणपत्रिका त्याच कपाटात आहे."

"मालूम आहे."

बाप तिच्याकडे पाहत राहिला. मग परत बाकावर बसला. "घ्या मॅडम," तो म्हणाला. "मी संध्याकाळच्या गाडीनं जातो."

तिचा जबाब सात पानं झाला. मी लिहीत होते आणि ती वेळा, वार, रुग्णांची संख्या न अडखळता सांगत होती. दुपारनंतर ठाण्याच्या फाटकातून पांढरे गणवेश येऊ लागले. आधी दोघी. मग चौघी. डाव्या हाताची आली. बुटकी आली. साहेबांनी बाहेर येऊन पाहिलं, पुन्हा आत गेले आणि अर्ध्या तासाने महिला शिपाई आणि कागदाची रिमं पाठवून दिली. एवढं मात्र त्यांच्या नावावर लिहायला हवं. दुसऱ्या दिवशी कपाट उघडून सगळ्या गुणपत्रिका जप्त केल्या आणि मुलींना पावती घेऊन परत दिल्या. पुढे केंद्राची मान्यता रद्द झाली. मुलींना दुसऱ्या केंद्रात घेतलं गेलं, भांडून, निवेदनं देऊन. त्या निवेदनांचे मसुदे लिहिता लिहिताच माझी नोकरी सुटली. मासेमाराची मुलगी आज हेमलकशाच्या बाजूला एका उपकेंद्रात आहे.

या प्रकरणाने मला एक धडा दिला. काम करणाऱ्याला त्याच्या कामाबद्दल विचारा. आम्ही चेहरे वाचत बसतो, आवाज तपासतो, कोण घाबरला ते पाहतो, आणि समोर बसलेल्या माणसाला जे येतं ते त्याला विचारतच नाही, कारण ती शिकाऊ, ती गरिबाची, ती पोरगी. माझ्या तपासाचं कौतुक झालं, कागदावर शेरा मिळाला. तो शेरा तिचा होता.

जबाबांच्या त्या दिवशी अकरापैकी दहा मुली चारपर्यंत आल्या. अकरावी, जांभई देणारी, साडेसहाला आली, धापा टाकत. जबाब लिहिणारी शिपाई वैतागून म्हणाली, "इतका उशीर काऊन? सगळ्या जणी येऊन गेल्या."

"वॉर्डात सलाइन चालू होतं ना ताई," ती म्हणाली. "बदलीवाली आली, तिले चार्ज देल्ला, मंग निघाली."

तोवर मला वाटत होतं की शिस्त आम्हाला येते.